भिंतीकडे तोंड केलेलं कॅलेंडर

शालूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मांडवीच्या घरी कोलंबी सोलत बसले होते. फोनवर प्राची होती, तिची सून. रडत नव्हती. "मावशी, आई गेल्या. सव्वादहाला," एवढंच म्हणाली, आणि मग विचारलं, "आज तारीख काय हो? इथे दवाखान्यातल्या कागदावर लिहायचीय, मला काही सुचतच नाहीये." मी तारीख सांगितली, फोन ठेवला, हात धुतले आणि मग मला रडू फुटलं. ज्या बाईने निवृत्तीनंतरची कितीतरी वर्षं लोकांना आजची तारीख विचारण्यात घालवली, तिच्याच कागदावर घालायला तारीख कुणाला आठवत नव्हती... त्याला आता दीड महिना होत आला.

शालूताई म्हणजे सरकारी दवाखान्यातली नर्स, आणि मी लॅबमध्ये रक्त काढणारी. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. शिस्तीची, फटकळ, मी तिच्याहून फटकळ, म्हणून आमचं जमलं. तिचं माहेर नाटे. वडील मच्छीमार. आई उतारवयात विसरायला लागली तेव्हा घरच्यांनी बाधा म्हटलं, देवाला कौल लावला. शालूताई तेव्हा नोकरीत होती, चांगली शिकलेली, तरी तीही नारळ घेऊन गेली. हे तिला आयुष्यभर सललं. "मी नर्स असून माझ्या आईला आजार आहे हे मला कळलं नाही गो," असं ती मध्येच, भाजी निवडतानासुद्धा म्हणायची.

म्हणून आम्ही दोघी निवृत्त झाल्यावर मुंबईहून एक डॉक्टर मॅडम अल्झायमरच्या अभ्यासासाठी माणसं शोधत रत्नागिरीत आल्या, तेव्हा शालूताई पहिली जाऊन उभी राहिली आणि मलाही ओढून नेलं. मॅडमनी आम्हाला साध्या भाषेत सांगितलं. या आजाराचं बहुतेक संशोधन गोऱ्या लोकांच्या रक्तावर आणि मेंदूच्या फोटोंवर झालंय. तिकडे जे जनुक धोक्याचं म्हणतात ते आपल्याकडे तेवढंच धोक्याचं आहे का, आपल्या माणसाचा निरोगी मेंदू केवढा असतो, हे कुणी नीट बघितलेलंच नाही. म्हणून देशोदेशींच्या लोकांचं रक्त आणि एमआरआय गोळा करायचे, आजारी माणसांचे आणि ठणठणीत माणसांचेही. शालूताईने ठणठणीतांच्या यादीत स्वतःचं नाव घातलं. मी म्हटलं, तू आणि ठणठणीत? गुडघे बघ आधी. ती म्हणाली, गुडघ्याने कोण आठवतं?

गावोगाव जायचं, आधी प्रश्न विचारायचे, मग मी रक्त काढायचं, असं ते काम. पहिलं भांडण नाट्यालाच झालं. एका सत्तरीच्या बाईला मॅडमच्या हाताखालच्या मुलीने विचारलं, आज तारीख काय? बाई म्हणाली, "अष्टमी. भांगाचं पाणी हाय." मुलीने शून्य लिहिलं. शेजारच्या मोहल्ल्यातल्या एका आजींनी चांदाची तारीख सांगितली, त्यांनाही शून्य. शालूताईने पेन खाली ठेवलं. मॅडमना म्हणाली, "होडी तारखेने सुटत नाही, तिथीने सुटते. भरती किती, ओहोटी किती, पाणी कमी चढणारा भांग की उधाण, सगळं तिथीवर. माझ्या आईने जन्मात तारीख उच्चारली नाही. तिची तिथी चुकली त्या दिवशी आम्ही समजायला हवं होतं. यांना शून्य देणार असाल तर तुमच्या यादीत अख्खी किनारपट्टी वेडी निघेल." मॅडम भल्या. त्यांनी दोन दिवस विचार केला, मुंबईला फोन केले आणि कागदावर नियम घातला की, तिथी किंवा चांद सांगितल्यास पंचांगाशी ताडून बरोबर धरावे. शालूताई त्या दिवशी अशी चालत होती की आरे-वारेचा सगळा किनारा तिच्या नावावर झालाय.

नियम आला तशी शालूताईने आपली एक सवय लावून घेतली. कुणाच्याही घरात शिरलं की आधी भिंतीवरचं कॅलेंडर शोधायचं आणि त्याचं तोंड भिंतीकडे करायचं. कॅलेंडरात तारीख, तिथी, चांद सगळंच असतं ना. माणूस हळूच बघतो. घरचे कावरेबावरे व्हायचे, एका म्हाताऱ्याला तर वाटलं ही बाई करणी करतेय. जाताना ते पुन्हा सरळ करायला मात्र ती हमखास विसरायची, आणि मी मागे राहून ते करायचे.

ठणठणीत लोकांचीही दर दोन वर्षांनी तीच परीक्षा आणि मुंबईला नेऊन एमआरआय. ते यंत्र म्हणजे लाँचचं इंजिन, शालूताई म्हणायची, झोप छान लागते. पहिल्या दोन वेळा सगळं बरोबर आलं. तिसऱ्या वेळी मी शेजारीच बसले होते. मुलीने विचारलं, आज तारीख काय? शालूताईने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "षष्ठी." मुलीने पंचांग पाहिलं, षष्ठीच होती. बरोबर. मी मात्र वळून तिच्याकडे बघितलं. तीस-पस्तीस वर्षं केसपेपरवर तारखा घातलेली बाई, एकादशी-चतुर्थीच्या उपासाखेरीज तिच्या तोंडून मी कधी तिथी ऐकली नव्हती. त्या दिवशी चुलत जावेकडे कसलंसं षष्ठीचं व्रत होतं, सकाळी तिथला प्रसाद खाऊन आली होती. मला कळलं, आणि मी गप्प बसले. तीन गुण कमी पडले असते तर ठणठणीतांच्या यादीतून नाव गेलं असतं. एका गुणाने काय होतंय, असं मी मनाला समजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती मला घेऊन मॅडमकडे गेली. खुर्चीवर बसलीसुद्धा नाही.

"माझा कालचा एक गुण काढा. मला तारीख आठवली नव्हती."

मॅडम म्हणाल्या, "अहो, नियमाने बरोबर आहे. तुमचाच नियम."

"तो माझ्या आईसाठी आहे. ज्याच्या घरात तिथी चालते त्याच्यासाठी. मी त्याच्या आड लपले. चूक लिहा. नाहीतर एवढी रक्तं कशाला काढली?"

मॅडमनी चूक लिहिली. बाहेर आल्यावर पायरीवर तिने मला विचारलं, तुला कळलं होतं ना? मी हो म्हटलं. मग बोलली का नाहीस? मला लाज वाटली, आजही वाटते. आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही, आणि आठव्या दिवशी फणसाची भाजी घेऊन आली.

त्यानंतरच्या एमआरआयमध्ये दिसलं. आठवण धरून ठेवणारा मेंदूतला भाग आक्रसला होता. मॅडम म्हणाल्या, तिकडच्या मापाने बघितलं असतं तर शालूताईंचा मेंदू पहिल्याच वेळी लहान ठरला असता, आणि तेव्हा तर त्या पूर्ण बऱ्या होत्या. त्यांचेच जुने दोन फोटो होते म्हणून खरं कळलं. शालूताईने हे नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे माझा उपयोग झाला ना? मग स्वतःच्या हाताने ठणठणीतांच्या यादीतलं आपलं नाव खोडलं. एमआरआयला मात्र पुढेही दोनदा गेली, दुसऱ्या यादीतून.

मुलगा जहाजावर, सगळं प्राचीने केलं, आणि मनापासून केलं. शेवटी शेवटी शालूताई मलाही ओळखायची नाही, पण घरात कुणी पाऊल टाकलं की उठायची, भिंतीवरचं कॅलेंडर उलटं करायची आणि खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसायची. प्रश्न विचारणारी ती की उत्तर देणारी, ते तिचं तिलाच ठाऊक. प्राची सरळ करायची, ही पुन्हा उलटं. शेवटी प्राचीने नाद सोडला.

परवा मी त्यांच्याकडे गेले होते. खोली झाडून-पुसून लख्ख, खाट उचललेली, खुर्ची तिथेच. कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून. प्राची म्हणाली, "मावशी, ते राहू दे हं तसंच." ती चहा टाकायला आत गेली. मी शालूताईच्या खुर्चीवर बसले आणि आजचा वार आणि तारीख मनात आठवली. मग उठून कॅलेंडर फिरवून बघितलं. पान चालू महिन्याचंच होतं. तारीख वाराशी जुळली, बरोबर होती. पुन्हा तोंड भिंतीकडे केलं आणि चहाला गेले.