उंबऱ्यावरचं पाऊल

लेकीकडे स्पेनला गेले की सकाळची कॉफी कोपऱ्यावरच्या बारमध्ये. तिथले बार म्हणजे आपली चहाची हॉटेलंच. एक आजी रोज काठी टेकत येतात, उंबऱ्याशी क्षणभर थबकतात आणि मग ऐटीत काउंटरपाशी जाऊन उभ्या राहतात. एकदा लेकीला दुभाषी करून मी त्या थबकण्याचं कारण विचारलं.

"हुकूमशाहीच्या काळात आम्ही बायका इथे आत येत नसू. नवऱ्याला हाक मारायची तीही दारातूनच. पासपोर्टलासुद्धा त्याची परवानगी लागायची. आता माझी नात न्यायाधीश आहे!"

एका आयुष्यात केवढा बदलला हा देश! कायदा एका सहीने बदलतो, पावलाला मात्र वेळ लागतो.

"पाऊल अजून थबकतं मेलं," आजी हसल्या. "म्हणून तर रोज येते."