चुलीला नेलेल्या काड्या

आमच्या छाटणीवाल्या मामांची कात्री चालू झाली की आळेफाट्यावरचे ट्रकवाले हॉर्न बंद करून ऐकत बसतात. माणसांशी मामा जेमतेम बोलतात, पण वेलींशी तासन्‌तास. "काय गं म्हातारे, यंदा लई माजलीस!"

वडिलांनी लावलेली जुनी द्राक्षबाग मी जेसीबी लावून उपटली, तेव्हा मामांनी एवढंच विचारलं, "भाऊ, काड्या न्हेऊ का? चुलीला व्हतील."

"सगळ्या न्या," मी म्हणालो.

त्या जागी नव्या जातीच्या वेली लावून पुढं मी छोटी वायनरी काढली. नव्या वेलींची वाइन इतकी पांचट झाली की चिलटांनीसुद्धा पिंपाकडे पाठ फिरवली. वडिलांच्या द्राक्षांसाठी मी डोकं धरून बसलो. मामांनी मला दंडाला धरून त्यांच्या विहिरीवर नेलं. तिथल्या मांडवावर वडिलांची बाग लगडली होती!

"मामा, या तर चुलीला नेल्या होत्या ना?"

"चूल पेटवायचं ऱ्हाऊनच गेलं, राव. आता घ्या काड्या, लावा परत."

त्या काड्यांच्या वेलींची पहिली बाटली मी मामांना दिली. मामा माळकरी. त्यांनी ती शांतपणे वेलीच्या बुडाशी ओतली. "जिची व्हती, तिला दिली."

वारा अजिबात नव्हता, तरी वेल डुलली. बाकीचं राहू द्या, एवढं तरी खरं माना.