काकीला मिशा फुटल्या नाहीत

"बैलाले इचारलं का?"

बाईनं बंडी हाकू नये असं कुणी म्हटलं, की पलीकडच्या घरातली काकी एवढंच म्हणे आणि कासरा ओढी.

वऱ्हाडच्या कापसाला तेव्हा सोन्याचा भाव आला होता. अमरावतीत गाडीवान शोधून सापडत नसे, आणि काकीचा नवरा कंबर धरून अंथरुणाला खिळलेला. मग काय, तिनं पदर खोचला, कापूस लादला आणि बंडी अकोल्याच्या वाटेला लावली. साऱ्या मोहल्ल्याला बोलायला विषय मिळाला.

मला मात्र वेगळीच काळजी. बंडी हाकतो तो बाप्या, मागं बसते ती बाई, हे माझ्या इवल्या डोक्यात पक्कं बसलेलं. कुणी शिकवलं म्हणाल, तर कुणीच नाही. खेळातही कासरा भाऊच धरायचा आणि मी मागं नवरी होऊन बसायची. तुम्हीही असेच खेळला असाल. म्हणून काकी अकोल्याहून परतली की मी तिचा वरचा ओठ निरखून बघे.

तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी मिरवत, पोरी ओवाळत. मला नंदीच हवा होता. भाऊ म्हणाला, "नंदी धरशील तर मिशा फुटतीन तुले." मी रडत काकीकडे गेले.

"काहून रडून राहिली वं?"

मी सांगितलं. काकी हसली नाही. खाली बसली आणि माझं बोट आपल्या ओठावरून फिरवलं.

"हाय काही?"

"नाही."

"मंग? मी बाईच हाय, माय. बंडी हाकणारी बाई."

तिनं सुताराकडून मला नंदी करवून आणला. तोरण तुटलं की सगळे नंदी धावत सुटायचे; त्या तोरणाखाली मला पाहून मोहल्ल्यातले थोरले आजोबा गुरकावले, "पोरीचं काय काम इथं?"

"नंदीले इचारलं का?" मागून काकी म्हणाली.

लोक हसले, मग आजोबाही हसले, आणि तोरण तुटलं. माझा नंदी सगळ्यांच्या पुढं धावला. एका हातात दोरी, दुसरा हात ओठावर. ओठ गुळगुळीत होता. मी पोरगीच होते, आणि नंदी माझा होता. असा आनंद मला पुढं लग्नातही झाला नाही.

काकी जाऊन खूप वर्षं झाली. कापूस आता आगगाडीनं जातो. यंदा माझ्या नातीलाही कुणीतरी तीच मिशांची भीती घातली. मी तिचं बोट माझ्या ओठावर ठेवलं.

"आजी, दोन केस हायेत ना इथं."

"ते म्हातारपणाचे. नंदीचे नाहीत."

तिनं पुन्हा एकदा चाचपून पाहिलं, आणि दोरी उचलली.