सावलीत गेलेल्या चिठ्ठ्या

तराजू, पाऊस मोजायचं भांडं, वाफे आखायची गाठींची दोरी: सगळं मी स्वतः बनवलेलं.

मंडळी, आज मेडशीच्या शेतात संकरित ज्वारीवर नव्या खताची परीक्षा मांडली. माझ्या शब्दावर गाव ते खत घेणार. बारा वाफ्यांपैकी खताचे सहा वाफे चिठ्ठ्या टाकून ठरवले. बाभळीच्या सावलीतले चारही वाफे खताकडेच गेले!

खतविक्रेता म्हणाला, "भाऊ, दुबारा टाका! सावलीत कणीस भरते का?"

"मनासारखं येईस्तोवर टाकत राह्यलो, तं चिठ्ठ्या कायले पाह्यजेत?"

पण चूक माझीच. सावलीतले नि उन्हातले वाफे आधी वेगळे करून दोन्हीकडचे निम्मे-निम्मे वाफे चिठ्ठ्या टाकून खताला द्यायला हवे होते. आता तसं नव्यानं करू, की पहिल्याच पाळू? तुम्ही काय केलं असतं?

विक्रेत्याचं तिसरंच होतं: खताला सहाही वाफे उन्हातले द्या, दोनशे रुपये घ्या. मी नाही म्हटलं.