पुढच्या खोलीतली पोरगी

कळमनुरीला आमच्या पुढच्या खोलीत इंग्रजी लिहायचा क्लास भरायचा. पोरी गोल बसून एकमेकींचं लिहिलेलं वाचायच्या आणि चुका काढायच्या. तांड्यावरून येणारी एक पोरगी त्यात फार भांडायची. मागं परीक्षेत ती इंग्रजीतच नापास झाली होती. बोलताना समोरचीचं मनगट धरून ठेवायची.

"आली बघा वकिलीणबाई!" पोरी म्हणायच्या.

"मंग काढा की माझी चूक," ती म्हणायची. मी दाराआडून ऐकायची.

पुढं क्लास घेणारे सर नांदेडला गेले आणि क्लास मोबाइलवर घेऊ लागले. बाकीच्या पोरी आपापल्या घरी बसतात. हिच्या तांड्यावर रेंज नाही, म्हणून ही आमच्याच खोलीत येते, एकटी. चर्चा सुरू झाली की सगळ्या आपले आवाज बंद करतात. हीच तेवढी बोलत राहते.

काल तिनं मोबाइल उपडा ठेवला, मला समोर बसवून माझं मनगट धरलं आणि आपला इंग्रजी निबंध वाचला. मी मान हलवत राहिले.

"मावशी, कुठं चुकलं सांगा की."

"मला काय कळतंय बाई, मी चौथी शिकलेली. चांगलं वाटलं."

"चांगलं तर समद्याच म्हणून राहिल्या. न वाचता मोबाइलवर अंगठ्याचं चित्र धाडून राहिल्या. परीक्षेत चांगलं कोण म्हणंल?"

तिनं माझा हात हळूच खाली ठेवला.

आज क्लासची वेळ होऊन गेली. खोलीची कडी मी काढून ठेवली होती. ती आली नाही.