न संपणारं दुकान

"काका, लॉजिक क्लिअर आहे," असं म्हणून तो लॅपटॉपचं झाकण एका बोटाने मिटायचा. झाकण मिटलं की विषय मिटला. त्यापुढे समोरच्याचं काही ऐकायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

असा एखादा नमुना तुम्हीही पाहिला असेल. माझ्या वाट्याला तो आला गंगापूर रोडवरच्या माझ्या मेडिकलचं ॲप करून द्यायला. गिऱ्हाइकाने घरबसल्या पाहावं, औषध आहे की नाही, आणि मगच निघावं, एवढीच माझी अपेक्षा. म्हाताऱ्या पेशंटसाठी काउंटरजवळ एक स्टूल ठेवलंय. पहिल्याच दिवशी त्यावर हा बसला, तो महिनाभर उठला नाही. गुडघे धरून उभ्या असलेल्या आजीबाई त्याला कधी दिसल्या नाहीत.

"समोरचं जावास्क्रिप्ट, मागचं जावास्क्रिप्ट. डेटाबेसही मीच. फुल स्टॅक, काका." हे दोन शब्द तो जेवण झाल्यावर ढेकर द्यावा तसे तृप्तीने काढायचा.

आता आमच्या धंद्यात कात्री लागते. कुणी पाच गोळ्या मागतं, कुणी तीन. पट्टी कापायची, एक्सपायरीच्या तारखेची बाजू शेवटपर्यंत राखायची, उरलेला तुकडा खणात टाकायचा. या गृहस्थाने ॲपमध्ये अख्खी पट्टी विकली तरच साठा कमी होईल अशी सोय केली. कापून दिलेल्या गोळ्या त्याच्या हिशेबी विकल्याच जात नव्हत्या. खण रिकामा झाला तरी पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'उपलब्ध'.

मी सांगितलं. एकदा नाही, रोज सांगितलं.

"काका, तुम्ही कापताच कशाला? पूर्ण पट्टी घ्यायला सांगा ना लोकांना."

"अहो, डॉक्टरने पाचच लिहून दिल्या असतील तर?"

"ती एज केस झाली. लाखात एखादी." आणि झाकण मिटलं. काउंटरवर तेव्हा रांग होती, आणि रांगेतला जवळपास प्रत्येक जण कापूनच नेणारा होता.

मग व्हायचं ते झालं. दिंडोरीहून एक बाई आली. द्राक्षाच्या बागेत कामाला जाणारी, रोजंदारी बुडवून आलेली. तिच्या मुलीच्या फिटच्या गोळ्या माझ्याकडे सकाळीच कापून संपल्या होत्या. खणात एकही नव्हती.

"मोबाईलवर तर हाय दाखवतंय, भाऊ. म्हून तर यष्टी पकडली. पोरीला गोळी चुकवायची नाय म्हणलेत डॉक्टर."

हा स्टुलावरूनच म्हणाला, "ताई, एकदा रिफ्रेश करून बघा."

मला त्या क्षणी त्याची जेवढी चीड आली, तेवढी आयुष्यात क्वचितच कुणाची आली असेल. मी चार दुकानं पालथी घालून गोळ्या आणल्या. बाई निघून गेली. वळून पाहतो तर हा फोनवर कुणाला तरी सांगत होता की ॲप लाइव्ह गेलं, युजर येताहेत.

पुढच्याच आठवड्यात त्याला पुण्यात नोकरी लागली. जाताना पासवर्डही घेऊन गेला. ॲप बंद करायचं तरी त्याच्याशिवाय होईना, आणि फोन लावला की एकच उत्तर, "होऊन जाईल, काका." मी दारावर पाटी लावली, 'ॲपवर विसंबू नका, आधी फोन करा.'

परवा दुपारी एक वृद्ध गृहस्थ आले. उन्हात चालून आल्याने दम लागलेला. दारावरची पाटी काही त्यांनी वाचली नाही. रक्तदाबाच्या गोळ्या हव्या होत्या, दोन दिवसांपासून घेतल्याच नव्हत्या.

"मुलाने पुण्याहून बघून सांगितलं, इथे आहेत म्हणून. त्यानेच बनवलंय ना तुमचं ॲप." छाती थोडी पुढे आली त्यांची.

खण उघडला. आत नुसती धूळ होती.

एक वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांनी काउंटरला दोन्ही हातांनी धरलं होतं. मी स्टूल पुढे सरकवलं. त्यावर ते सावकाश बसले आणि कौतुकाने दुकानभर पाहू लागले.

"तो म्हणतो, बाबा, त्या दुकानात कधी काही संपतच नाही."

"खरंय," मी म्हणालो. त्यांना पाणी दिलं, आणि गोळ्या आणायला समोरच्या मेडिकलकडे निघालो.