सुनेच्या व्हायोलिनला माझी ढोलकी

१९९८ साली मी बासष्ट वर्षांचा होतो आणि संगीतातलं मला सगळं येत होतं. शाळा दुसरीत सुटली, पण दंडारीत (म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं गावनाटक) चाळीस वर्षं ढोलकी वाजवली. ढोलकीला शाळा लागत नाही, तळहात लागतात.

त्या वर्षी मी आणि बुढी (म्हणजे माझी बायको) गाव सोडून ऊर्जानगरला पोराच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो. पोरगा रमेश बिजलीघरात फिटर. त्याची नवी बायको शुभांगी नागपूरची. तिच्यासंगं एक काळी पेटी आली होती आणि पेटीत व्हायोलिन होतं.

दुपारी ती क्वार्टरमागच्या मोहाच्या झाडाखाली वाजवायची आणि मी बाजेवर पडून ऐकायचो. काय सांगू! वरून मोहाची फुलं टपटप पडताहेत, खालून ते सूर. माझा एक डोळा मिटलेला, एक उघडा. बघता बघता बाज वैनगंगेत सोडल्यासारखी हलके हलके चालायला लागायची. काठावर माझी आई, जी जाऊन तीस वर्षं झाली, मोह वेचताना दिसायची. वर न बघता विचारायची, "आला का रे?" मी "आलो" म्हणणार, तेवढ्यात बुढी ओरडायची, "उठा, चाय झाला!"

एक दिवस शुभांगी रडवेली होऊन माझ्या बाजेजवळ आली.

"मामाजी," (आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते) "पुढच्या शनिवारी क्लबात मला कॉन्चेर्टो वाजवायचाय. लोकांसमोर माझा हात थरथरतो हो. या वेळेस बिघडलं, तर पेटीला कुलूप! पुन्हा हात लावणार नाही."

"काऊन भेऊन राह्यली बेटा? मी आहो ना! काय असते ते सांग मले."

तिनं सांगितलं. एक व्हायोलिन पुढे, बाकीचे सगळे मागून साथ देणारे. मन ओतून वाजवायचं, ताठ मानेनं वाजवायचं. "आणि शेवटाकडे एक जागा आहे मामाजी, तिथं बाकीचे सगळे..."

टप. मोहाचं फूल माझ्या कपाळावर पडलं आणि बाज निघाली नदीत.

जाग आली तेव्हा ती विचारत होती, "समजलं ना?"

"समजलं!" (मला समजलं नाही, असं मी आजवर कोणाला म्हटलेलं नाही. बुढीला विचारा.)

शनिवारी संध्याकाळी क्लबाच्या हॉलात आम्ही तिसऱ्या रांगेत. मी नवं धोतर नेसून, मांडीवर कापडी पिशवी.

"इथी ढोलकी कायले आणली?" बुढीनं कुजबुजत विचारलं.

"दंडारवाला रिकाम्या हातानं जात नाई."

हे तिला काय कळणार! दंडारीत पात्र बोलता बोलता अडलं, की ढोलकीवाल्यानं त्याला सांभाळायचं. आठवेपर्यंत वाजवत राहायचं. असे कितीतरी राजे मी वाचवले. एका राजाला तर बिडी पिऊन येईपर्यंत!

पडदा सरकला. शुभांगी पुढे, मागे बिजलीघराचे पाच साहेब व्हायोलिन घेऊन, बाजूला शाळेतले संगीताचे सर कीबोर्डवर. तिचा हात थरथरत होता, मला तिसऱ्या रांगेतून दिसला. पण सुरू झालं आणि माझी ती खुर्ची, काय सांगू, बाजेसारखीच चालायला लागली. पाणी, धुकं, काठावर आई...

आणि एकदम सगळे थांबले!

डोळे उघडून पाहतो तर पाचही साहेबांनी व्हायोलिनं खाली घेतलेली. सरांचे हात मांडीवर. एक साहेब तर चष्मा पुसत बसलेला! आणि माझी सून एकटी वाजवतेय, जीव तोडून! भर कार्यक्रमात पोरीला सोडून दिलं लेकांनी!

मी पिशवीची गाठ सोडली.

"अहो, काय करून राह्यले?"

"गप! पोरगी अडली!"

आणि असा ठेका लावला म्हणता! उभा राहून ओरडलो, "वाजव बेटा, भिऊ नको! मी आहो मांगं!"

सगळा हॉल माझ्याकडे वळला. रमेश खुर्चीवरून इतका घसरला की नुसते केस दिसत होते. शुभांगीचा हात थांबला.

"मामाजी," ती स्टेजवरून म्हणाली, "ही जागा माझ्या एकटीची आहे. इथं त्यांनी थांबायचंच असतं."

"मुद्दाम?"

"सांगितलं होतं ना मी मोहाखाली!"

"सांगतलं असन. पण तो साहेब चष्मा काऊन पुसून राह्यला?"

हॉलभर हशा फुटला. साहेबानं घाईनं चष्मा घातला, तो उलटा. आणि शुभांगी तोंडावर हात ठेवून हसली, हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग तिनं व्हायोलिन पुन्हा हनुवटीखाली धरलं. हात बघितला मी. थरथर नाही! जिच्या सासऱ्यानं भरसभेत एवढं करून ठेवलं, तिनं आता कोणाला भ्यायचं?

ती जागा तिनं पहिल्यापासून वाजवली. एकटीनं. या वेळी मी कुठं वाहून गेलो नाही. काठावरच उभा राहिलो. आईनं पहिल्यांदा मान वर केली आणि म्हणाली, "ढोलकी ठेव रे. ऐक."

मी ऐकलं. (बुढीनं माझे दोन्ही हात धरून ठेवले होते, हेही सांगून टाकतो.)

टाळ्या थांबता थांबेनात. परत येताना रमेश दहा पावलं पुढे चालत होता. मीच म्हटलं, "ढोलकी नसती, तं पोरीचा हात मोकळा झाला असता का रे?" तो वीस पावलं पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुतलं, ढोलकी घेतली आणि मोहाखाली सुनेसमोर जाऊन बसलो. म्हटलं, "बेटा, ते न वाजवाचं कसं वाजवतेत, तेवढं शिकव मले." ती म्हणाली, "सोपं आहे मामाजी. मनात सोळा मोजायचे, तोवर हात मांडीवर." तिनं व्हायोलिन सुरू केलं. मी मोजायला लागलो. सातावर हात आपोआप पडला, धिन!

शाळेत दुसरीच्या पुढे गेलो नाही, आणि गप बसण्यात सातच्या.